छातीवरचं औषध

वडिलांशी मी उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच खोटं बोलले असेन. त्यातलं शेवटचं अजून माझी पाठ सोडत नाही.

न्युमोनिया झाला म्हणून बाबांना आमच्या बाजारकुणंग गावाहून बेळगावच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं त्यांच्या छातीवर एक छोटी चकती चिकटवली. वायर नाही, काही नाही. नाडी, श्वास, ताप, सगळं नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर आपोआप दिसायचं. जन्मभर रानातल्या काट्यांची पर्वा न केलेल्या माणसाला ती चकती मात्र खुपायची. सारखे नखानं उचकटायचे आणि नर्सची बोलणी मी खायची. मी शाळेत शिकवते, समजावून सांगणं हे तर माझं कामच. पण तीन दिवसांच्या जागरणानं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, "बाबा, ते औषध हाय. कातडीतनं आत जातंय. काढू नका."

त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. उलट थोड्या वेळानं "गुण येतोय" म्हणाले. मला हसू आलं आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

शेजारच्या खाटेवर रामनगरकडचे एक आजोबा होते. त्यांना चकती नव्हती, पण त्यांचं कण्हणं वॉर्डभर ऐकू जायचं. आमच्याकडं कंद खणले की पहिली टोपली शेजाऱ्याच्या दारात जाते, मग आपली चूल पेटते. हे बाबांनीच मला शिकवलेलं, तरी बाबा काय करतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा श्वास वाढला. लक्ष ठेवा, असं डॉक्टर सांगून गेले. दुपारी चहाला जाताना मी टेबलापाशी थांबले. पडद्यावरचे त्यांचे आकडे जरा वेळ गेले आणि परत आले.

"कूस बदलली असेल," नर्स म्हणाली. "बघा, श्वास उतरला की."

मी निवांत चहा प्याले. वर एक प्लेट भजी खाल्ली.

परत आले तर बाबा भिंतीकडं तोंड करून पडलेले, ओठ निळे. चकती आजोबांच्या छातीवर होती. मी पाहिलेला चांगला श्वास आजोबांचा होता. मी हलवलं तेव्हा बाबा धापा टाकत एवढंच म्हणाले, "त्येंका जास्त गरज हाय, बाये."

डॉक्टर धावत आले, पण संध्याकाळी बाबा गेले. "थोडं आधी कळलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

आठवड्यानं मी बाबांचे कागद आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा आजोबा घरी निघाले होते. स्वतःच्या पायांनी चालत आले, माझे दोन्ही हात धरले.

"तुज्या बाच्या औषधानं वाचलो गं पोरी," ते रडत म्हणाले. "आपलं काढून मला दिलं त्येनं."

खरं सांगायची ती वेळ होती. मी "व्हय" म्हणाले.