ती एक रिंग

माझ्या बायकोला फोन वापरता येत नाही, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. कोणी नवीन माणूस जेवायला आलं की ती निघतेच. बर्फात स्टेशनवर पाऊण तास उभी असलेली आजी, घरी फोनकडे डोळे लावून बसलेले आजोबा, आणि भलतंच बटण दाबून वर "मी रिंग दिली होती, मी रिंग दिली होती" म्हणणारी आजी. गेल्या महिन्यात नातीने ती आपल्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितली. छान सांगते ती, सगळ्यांचे आवाज काढून. सगळे हसले. बायकोही हसली. मी पाण्याचा जग भरून आणायला म्हणून उठलो. जग भरलेलाच होता.

ती गोष्ट खरी नाही. तिने रिंग दिली होती आणि ती माझ्या फोनवर आली होती. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. सतरा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

२००८ च्या जानेवारीतली ही हकीकत. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलाकडे राहायला येऊन आम्हाला अडीच वर्षं झाली होती. मी नागपूरला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो होतो. उभा जन्म एक्स्चेंजमध्ये गेला. कुठली लाइन बंद पडली की लोक मला शोधत यायचे. इथे मला कोणी शोधत नव्हतं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई, आणि मी खालच्या मजल्यावर या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत चालत राही. टपाल दिवसातून एकदाच येतं हे माहीत असूनही मी टपालपेटी तीनदा उघडून बघायचो.

बायकोचं नेमकं उलटं झालं. लायब्ररीत तिला कोणीतरी शिकागोतल्या शिवणाच्या वर्गाबद्दल सांगितलं आणि ती मंगळवार-गुरुवार ट्रेनने जाऊ लागली. पहिले दोन दिवस मी सोबत गेलो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही नका येऊ. इतक्या बायकांत कुठे बसणार?" तिथे नाना देशांच्या बायका होत्या. एका पोलिश बाईशी तिची मैत्री झाली. दोघींना मिळून इंग्रजीची चाळीस वाक्यं येत असतील, पण त्यांचं बोलणं संपत नसे. ती बाई हिच्याकडून आपल्याकडच्या गोधडीचा टाका शिकत होती आणि हिच्या लिंबाच्या लोणच्याचा डबा बोटाने चाटूनपुसून परत देत होती.

सकाळी मी तिला स्टेशनवर सोडी आणि संध्याकाळी घ्यायला जाई. त्यासाठी मी नियम घालून दिला होता. गाडीतून उतरलीस की एक रिंग द्यायची आणि बंद करायचं. मी उचलणार नाही, समजून घेईन आणि निघेन. आमच्या प्लॅनमध्ये दिवसा आलेल्या फोनचीही मिनिटं जात असत. शिवाय सवयच होती, भारतात आम्ही सगळे असेच मिस्ड कॉल देऊन निरोप द्यायचो. "आणि पुन्हा पुन्हा करू नकोस," असंही मी बजावलं होतं. "मी गाडी चालवत असेन." आमचं स्टेशन छोटं. दुपारनंतर तिकीटघर बंद होई आणि बसायची खोलीही त्याच्याबरोबर बंद.

डिसेंबरात मुलगा म्हणाला, "बाबा, आपलं फोनचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. रिन्यू केलं की सगळ्यांना नवे फोन मिळतील. तुम्हीच बघून ठरवा ना, तुम्ही एक्स्पर्ट!"

तो सहज बोलला. मला मात्र खूप दिवसांनी काम मिळालं. मी वहीत रकाने पाडले. एकीकडे नुसत्या काचेचा फोन, बोट फिरवलं की पान सरकणारा. दुसरीकडे खाली बारीक बटणांची पट्टी असलेला, ईमेलवाल्यांचा. मी दुकानात गेलो, हातात घेऊन पाहिले, परत आलो. रात्री वाटे काचेचा. सकाळी वाटे, काच फुटली तर? पुन्हा दुकानात. तिथे गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेली, पन्नाशीची एक विक्रेती होती. चौथ्या खेपेला मला दारात पाहून ती म्हणाली, "अहो, आज तरी यातल्या एकाला घरी न्या. त्यांनाही तुमची सवय झालीय."

बायकोचा फोन जुना होता आणि त्याची बॅटरी टिकत नव्हती. तिने दोनदा सांगितलं.

"अहो, दुपारपर्यंतच चालतो हा. माझाही बदलायचा आहे ना?"

"माझं एकदा ठरू दे. मग तुझं बघतो."

"तुमचं ठरेपर्यंत त्या पोलिश बाईची अख्खी गोधडी शिवून होईल."

मोठ्या आकड्यांचा एक साधा फोन तिच्यासाठी मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवला होता. तो त्याच दिवशी आणता आला असता. पण मला दोन्ही फोन एकदम घ्यायचे होते.

मग तो गुरुवार आला. दुपारी मुलाचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, ती ऑफर आज संपतेय. प्लीज, आज काहीतरी फायनल करा." साडेचारच्या सुमाराला मी दुकानात गेलो. बाहेर बर्फ पडायला लागला होता. बायको साधारण सहाच्या गाडीने येई, त्यामुळे घाई नव्हती. मी अर्धा तास दोन्ही फोन दोन हातांत धरून उभा राहिलो आणि शेवटी काचेचा घेतला. तिचा फोन उद्या आणू म्हटलं, कारण तोपर्यंत मला त्या काचेखेरीज काही सुचत नव्हतं.

विक्रेत्या बाईंनी माझा नंबर नव्या फोनवर घेतला. जुना माझ्या डोळ्यांदेखत विझला. "नावं आणि नंबर इकडे आणून देते, पंधरा मिनिटं लागतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू द्या. टेलिफोन खात्यातला माणूस आहे मी. घरी करीन."

एवढ्यात हातातला फोन थरथरला. एकदाच. काचेवर दहा आकडे उमटले, नाव नाही. पुन्हा शांत.

एक्स्चेंजमध्ये आम्ही नवा जोड दिला की लगेच त्यावर एक रिंग देऊन पाहायचो. वाजली की लाइन चालू. माझ्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की मला वाटलं, चला, इथेही कोणीतरी आतून लाइन तपासली. मला तर बरंच वाटलं. जगात कुठेही जा, कामाची पद्धत तीच, असं काहीसं मी त्या बाईंना म्हणालोही. नागपुरातल्या शेकडो ग्राहकांचे नंबर मला अजून पाठ आहेत. बायकोचा पाठ नव्हता. तो कधी आकड्यांत दिसलाच नव्हता, तिच्या नावानेच दिसायचा.

घरी येऊन मी कोचावर बसलो आणि त्या काचेवर बोट फिरवत राहिलो. सहा वाजून गेले. रिंग नाही, म्हणजे ती पुढच्या गाडीने येत असेल. मग मुलाचा फोन आला, तो ऑफिसातून घरी निघाला होता.

"आई आली का?"

"अजून रिंग नाही."

"नाही कशी? बर्फामुळे आज सगळीकडे लवकर सोडलंय, बाबा."

फोन ठेवला. मी आलेल्या फोनांची यादी उघडली. मुलाचा एक फोन, त्याच्याखाली ते दहा आकडे. फ्रिजवर सुनेने घरातल्या सगळ्यांचे नंबर ठळक लिहून लावले होते. मी फोन त्या कागदाशेजारी धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. दहाही जुळले.

तेव्हा तडक निघायला हवं होतं. मी आधी यादी पुसली. सगळी पुसू का, असं त्या फोनने विचारलं. म्हणजे थांबायला मला एक संधी होती. मी हो वर बोट ठेवलं आणि मग गाडीची किल्ली शोधायला लागलो.

ती तिकीटघराच्या वळचणीला उभी होती. शिवणाची पिशवी पोटाशी धरलेली, पायांत कापडी बूट, ते भिजून काळे झालेले. मी काच खाली केली तर तिने पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला काही झालं नाही ना? मी किती घाबरले."

ती आत बसली. दात वाजत होते. "मी रिंग दिली होती."

"आली नाही."

"दिली हो. एकच, तुम्ही सांगितल्यासारखी. बऱ्याच वेळाने दुसरी द्यायला गेले तर हा मेलेला."

"हिरव्याच्या ऐवजी लाल दाबलं असशील."

"लाल?" तिने मांडीवरच्या बंद फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "असेल."

घरी मुलाने माझा फोन हातात घेऊन पाहिला. "आई, बाबांकडे एकही मिस्ड कॉल नाहीये. लिस्ट एकदम ब्लँक आहे." त्याचा स्वतःचा फोनही त्या यादीत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आठ वर्षांची नात म्हणाली, "आजी, यू प्रेस्ड द रेड वन? ग्रीन इज फॉर गो!" सगळे हसले. घाबरलेली माणसं सुटल्यावर हसतात, तसं. मीही हसलो.

पुढच्या मंगळवारी तिला खोकला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणाली, थंडी सरू दे. थंडी सरली, ती गेली नाही. मोठ्या आकड्यांचा फोन मी दुसऱ्याच दिवशी आणला होता. तो चार्जरवर असायचा. कुठे फोन करायचा झाला की ती मुलाला म्हणे, "तूच लाव रे, माझं चुकतं." ती पोलिश बाई घरच्या फोनवर दोन-तीनदा बोलली. मग तिचेही फोन थांबले. मी एकदा म्हटलं, चल, मी येतो तुझ्याबरोबर ट्रेनने. ती म्हणाली, "कशाला? तुम्हाला कंटाळा येईल." काचेचा तो फोन मी जेमतेम दोन वर्षं वापरला आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं तेव्हा मुलाला सांगितलं, तुला हवा तो आण.

गेल्या महिन्यात पाहुणे गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. यादी पुसल्याचंही.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हणजे रिंग आली होती."

"हो."

"एकच?"

"एकच."

"आणि तुम्हाला माहीत होतं, स्टेशनवर याल त्याच्या आधी."

"हो."

तिने मेथीची जुडी संपवली. देठ कागदात गुंडाळले. मग म्हणाली, "मला वाटलं, माझं डोकं जायला लागलं. आमच्या आईचं गेलं तसं. तिचंही असंच सुरू झालं होतं, केलेलं आठवायचं पण केलेलं नसायचं. तेव्हापासून मी गॅस बंद केला की दोनदा जाऊन बघते. कुलूप तीनदा ओढते. एकटीने ट्रेनमध्ये कशी बसणार होते मी?"

हे मला माहीत नव्हतं. कुलूप ओढताना मी तिला रोज पाहत होतो. वयाचं आहे, असं समजत होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला एकटीला सांगून काय उपयोग? हसत तर सगळे होते."

"सांगतो सगळ्यांना."

"सांगू नका. तुम्ही बोलायला लागलात की गोष्ट फिरवता. लिहा."

म्हणून हे लिहिलं. काल तिला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून, हातात पेन घेऊन वाचलं आणि पहिल्याच परिच्छेदातल्या 'पाऊण तास' या शब्दांवर रेघ मारून शेजारी लिहिलं, 'एक तास दहा मिनिटं'. मी म्हटलं, सगळे पाऊण तासच म्हणतात. ती म्हणाली, "सगळे तिथे नव्हते. माझी गाडी पाच बाराला लागली. तुम्ही आलात तेव्हा पलीकडून शहराकडची सहा बावीसची सुटत होती. तेवढंच बघत होते मी."

वर मी पाऊण तास तसाच ठेवला आहे, कारण ती गोष्ट तशीच सांगितली जाते. खरा वेळ हा आहे.

शनिवारी सगळे जेवायला येणार आहेत. मी म्हणालो, कागद मुलाकडे देतो, तो वाचेल आणि नातीला सांगेल. नातीला मराठी कळतं, वाचता येत नाही.

"ते काही नाही," बायको म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवायचं. मोठ्याने. आवाज काढून."