दारावरची घागरवाली

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या आल्या. खुर्च्या नव्हत्या, कपाटं नव्हती, टाइपरायटर एकच आणि त्याचाही 'ज' अडकायचा. पण पाट्या मात्र हव्या तेवढ्या. आमच्या खात्यासाठी गंजगोलाईच्या मागं एका आडत्याचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. तिथं एक पेंटर कायमचा बसवून ठेवलेला आणि हेडक्लार्क त्याला मजकूर सांगत राहायचे. 'आवक' अशी पाटी लागली तेव्हा आवकला माणूसच मिळाला नव्हता. पण पाटी लागली की काम झालं, असं त्या कचेरीत सगळे अगदी मनापासून मानायचे. मी नांदेडहून बदलून आलेली. मला सुरुवातीला याचं हसू यायचं.

मग गोदामामागच्या तीन दारांची, म्हणजे संडास-मुतारीची, पाळी आली. पहिलं साहेबांचं. त्यावर पेंटरनं एक टोपीवाला काढला आणि खाली सवयीनं लिहून टाकलं, 'कामाशिवाय आत येऊ नये'. सगळी कचेरी पोट धरधरून हसली, पण पाटी राहिली तशीच. तेव्हापासून तिकडे निघालेला माणूस 'दौऱ्यावर' जायचा आणि साहेबांच्या दाराला 'मुख्यालय' म्हणायचे. दुसरी अर्ध्या भिंतीची मुतारी. तिच्यावर फेटा आणि मिशा. तिसऱ्या दारावर पेंटरनं जीव ओतला होता. हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेतलेली बाई, आणि खाली 'सुस्वागतम'. त्या उन्हाळ्यात लातुरात घागरभर पाण्यासाठी बायका टँकरमागं धावत होत्या. आमची बाई मात्र दारावर भरली घागर घेऊन हसत उभी.

त्या दाराआड दुष्काळी कामावरची टिकाव, फावडी आणि घमेली छतापर्यंत रचलेली होती. साहेबांच्या दाराला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात. कचेरीत बायका आम्ही दोघीच. मी आणि उदगीरची एक टायपिस्ट, वयानं मोठी, कपाळाला विभूती लावणारी. तिला सगळे अक्का म्हणायचे. आम्ही दोघी मागच्या गल्लीतल्या एका तेल्याच्या घरी जायचो. तिथली बाई भली होती, पण तिच्या हौदाचा तळ दिसायला लागला तेव्हा एक दिवस दारातच म्हणाली, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. लेकरांना प्यायला न्हाई माझ्या."

मग मी पाणी पिणंच सोडलं. सकाळी चहाचा घोट, मग संध्याकाळी खोलीवर जाईपर्यंत काही नाही. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता. आधीचं एक गेलेलं. नोकरी सोडावी तर नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. ओटीपोटात आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, आणि मी टेबलाशी पाय घट्ट आवळून बसायची. रजा काढून नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्यांनी तोंडावरच सांगितलं, "पाणी प्या आणि लघवी दाबू नका. नाहीतर हेही लेकरू हाती लागणार नाही." बाहेर बाकावर बसून मी पदरात तोंड खुपसून रडले. मला लेकरू हवं होतं, आणि ते एका कुलपाशी अडलं होतं.

परत आल्याबरोबर हेडक्लार्ककडे गेले. लाज सोडून सगळं सांगितलं.

"हाय की बाई तुमचं," ते म्हणाले. "पाटी न्हाई का बघितली? चित्रासकट लावलीय."

"आत घमेली भरलीत."

"दुष्काळाचा माल हाय तो. उघड्यावर टाकू का? जरा कळ काढा, आम्ही करूनच राहिलो ना."

माणूस वाईट नव्हता. दुपारी स्वतःच्या डब्यातलं धपाटं माझ्यापुढं सरकवायचा. पण पाटी दिसत होती ना, मग त्याच्या लेखी माझी तक्रार खोटीच. त्यात विभागाचे मोठे साहेब तपासणीला आले, तिन्ही दारांसमोर उभे राहून खळखळून हसले, घागरवालीचं कौतुक करून गेले. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात ते हेच. पाटी नव्हती तोवर निदान मागता तरी येत होतं. आता जे आहे म्हणतात ते कसं मागणार? मला त्या हसऱ्या बाईच्या तोंडावर डांबर फासावंसं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून एका सकाळी तांब्याभर पाणी प्याले. दुपारपर्यंत डोळ्यांपुढं अंधारी आली. उभं राहवेना. अक्कानं माझ्याकडे बघितलं, मशीनवर झाकण टाकलं आणि म्हणाली, "चल गं पोरी. होऊ दे काय व्हायचं ते."

तिसरं दार तिनं लाथेनं उघडलं. आम्ही दोघींनी घमेली ओढून व्हरांड्यात फेकली. असा खणखणाट झाला की सगळे खुर्च्या सोडून धावत आले. कुणी म्हणत होतं, "बाई, माल हाय तो, माल हाय." मी ऐकत नव्हते. शेवटची फावडी काढली आणि आत बघितलं.

आत काहीच नव्हतं. भांडं नाही, नळ नाही, मोरी नाही. कोरी शहाबादी फरशी. आडत्याचं पेंड ठेवायचं कोठार होतं ते. तीन दारं दिसली, तीन पाट्या लावल्या. आत डोकावून कुणी बघितलंच नव्हतं.

अक्का बघत राहिली. मग तिनं मला आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि पाठ टेकून बाहेर उभी राहिली. मी त्या कोऱ्या फरशीवर बसले. पाणी दाराखालून व्हरांड्यात गेलं. बाहेर सगळी कचेरी उभी होती आणि कुणी हसलं नाही. तशी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नाही, आणि तशी सुटकाही.

त्याच संध्याकाळच्या एसटीनं मी नांदेडला गेले. बिनपगारी रजा टाकली. मुलगी महिनाभर आधीच झाली. काडीसारखी होती, पण जगली.

ती आता बिलोलीला तालुक्याच्या कचेरीत आहे. रोज नांदेडहून बसनं जाते. तिथं बायकांची सोय आहे का, असं मी विचारलं तर "आहे ना आई," एवढंच म्हणाली. मी लातूरची ही गोष्ट तिला कधीच सांगितलेली नाही. पण संध्याकाळी तिची पिशवी रिकामी करते तेव्हा सकाळी मी भरून दिलेली पाण्याची बाटली भरलेलीच निघते.