हॉटेलामागचा माळ आणि माझी टोपली

तात्यांनी मला एकदाच गाढव म्हटलं. मी पुण्य करत होतो तेव्हा.

आज त्यांचा दहावा झाला. घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसलो.

घोडेगावच्या अलीकडे, हायवेला तात्यांचं हॉटेल. मी तिथला आचारी. पिठलं-भाकरी, शेंगोळ्या, ठेचा. अख्खं तारुण्य त्या भट्टीपुढं गेलं.

लोक थांबायचे ते मात्र मागच्या ओट्यासाठी.

ओट्यासमोर सहा एकर माळ. नुसतं गवत आणि बाभळी. सकाळी चहा घेऊन बसलं की हरणं चरताना दिसतात. ससे, तित्तर, कधी एखादा कोल्हा.

तात्यांनी तिथं काहीच केलं नाही. हेच त्यांचं काम होतं.

गवत कापायचं ते बी झडल्यावर. मागच्या बाजूला फोकस नाही, स्पीकर नाही. जमिनीलगत एक उथळ टाकं, त्यात पाणी आणि मधोमध दगड. पिल्लू पडलं तर त्याला चढून बाहेर येता यावं.

एकदा ऐन लग्नसराईत टिटवीने पार्किंगच्या खडीत अंडी घातली. आमच्याकडे टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात. वेटर म्हणाला, "तात्या, उचलून पलीकडं ठिवू का?"

"तुझं घर उचलून ठिवू का पलीकडं?"

भोवती चार खुर्च्या आडव्या टाकल्या. पिल्लं निघून जाईपर्यंत अर्धं पार्किंग बंद.

एक साहेब ओट्यावरून हरणांकडं वेफर फेकत होते. तात्या हात जोडून म्हणाले, "साहेब, हरणानं कधी तुमच्या ताटात गवत टाकलंय का?"

साहेब हसले. पुडा खिशात गेला.

आता माझी गोष्ट.

आमच्या आईनं लहानपणापासून एक शिकवलं. अन्न टाकायचं नाही, उरलं तर मुक्या जिवाच्या मुखी घालायचं. म्हणून दुपारची गर्दी ओसरली की उरलेल्या भाकरी, भात टोपलीत घेऊन मी मागं जायचो. बाभळीखाली टोपली उलटी करायची, डोळे मिटून नमस्कार करायचा. तात्या त्या वेळी घरी जेवायला गेलेले असायचे.

आधी कावळे आले. मग दोन कुत्री. वर्षभरात ती अकरा झाली.

मला बरंच वाटत होतं.

मग एका सकाळी तात्यांनी हाक मारली. बाभळीच्या पलीकडं हरणाचं पाडस पडलं होतं. फाडलेलं. माझीच कुत्री मला बघून शेपटी हलवत आली.

तात्यांनी बाभळीखालचा वाळका भात पायाने उकरला.

"कोण टाकतंय हे?"

"मीच, तात्या. मुक्या जिवांसाठी."

"गाढवा."

मी म्हणालो, "पण त्यांना पोटभर मिळतं की. मग शिकार कशाला करतील?"

"भूक लागली म्हनून न्हाई मारलं त्यांनी. खाल्लंय बी न्हाई, बघ. अंगात जोर आला म्हनून मारलं. तुझी भाकर पळाली रे त्याच्यामागं."

मग हळू आवाजात म्हणाले, "माधवा, तुझं पुन्य लई सोपं हाय. टोपली उलटी केली की झालं."

दोन दिवस मी कामावर गेलो नाही. नेवाशाला जाऊन देवळात बसलो. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. वाईट वागताना चूक झाली तर माणूस कबूल करतो. चांगलं करताना झालेली चूक कबूल करणं फार जड जातं.

तिसऱ्या दिवशी गेलो. तात्या टेम्पोपाशी उभे होते.

"आलास व्हय? चल, तुझी लेकरं दवाखान्यात न्यायचीत."

अकरा कुत्र्यांची नसबंदी. तीन खेपा झाल्या. वाटेत एकाने विचारलं, "तात्या, कुठं निघालं वऱ्हाड?"

"माधवाच्या घरचं कार्य हाय," तात्या म्हणाले. मला हसू आलं, तिथं आमचं मिटलं.

कुत्र्यांना पुढच्या अंगणात, ठरल्या वेळी, भांड्यात खायला द्यायला लागलो. मागच्या बाजूला तारेचं कुंपण आलं, हरणांनी ओलांडावं एवढंच उंच, पण खालून कुत्रं शिरणार नाही असं. भाकरी ऑर्डर आल्यावरच थापायची. तरी उरलं तर झाकणाच्या ड्रममध्ये, शेजारच्या म्हशींसाठी.

पुढे माळावर पुन्हा पाडसं दिसली. त्या दिवशी मी तात्यांना ओट्यावर चहा नेऊन दिला. 

तात्यांचा मुलगा योगेश आता हॉटेल बघतो. चांगला मुलगा आहे. मागं लॉन करायचा त्याचा प्लॅन आहे, लग्नांसाठी. स्टेज, लायटिंग, कारंजं. तात्या आजारी पडले तेव्हाच त्याने मला मोबाईलवर फोटो दाखवले होते. मी फक्त "छान आहे" म्हणालो. नोकर माणूस.

आज प्रवरेच्या घाटावर कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, तात्यांचं काही राहिलं नव्हतं.

मला तसं वाटलं नाही. मी माळाचाच विचार करत होतो.

जेवणं हॉटेलावर झाली. भात बराच उरला. एक पाहुणे पातेलं उचलून मागं निघाले. "टाकून येतो, मुकी जनावरं खातील."

मी पुढं झालो, पण आधी योगेश बोलला.

"मागं नको मामा. तात्यांना चालत नाही."

चालत नाही, म्हणाला. चालत नव्हतं, असं नाही.

त्याने स्वतः पातेलं घेतलं, ड्रममध्ये रिकामं केलं, झाकण लावलं. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "काका, टाक्यात पाणी किती ठेवायचं असतं?"

"चार बोटं. जास्त नको, पिल्लं बुडतात."

तो बादली घेऊन मागं गेला.

लॉनचं त्याने काही काढलं नाही. मीही विचारलं नाही.

तात्या, सुखाने जा. आज पाणी योगेशने भरलंय. मी मोजून पाहिलं, चार बोटंच आहे.