दाजींच्या दातांची सीडी

माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या कापडातल्या चुका शोधण्यात गेलं, त्यामुळे स्वतःच्या शोधायला फारसा वेळ मिळाला नाही. सुरतच्या कापड बाजारात मी चेकर होतो. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका काचेच्या टेबलावर पसरायचा. खाली ट्यूबलाइट, वर मी. धागा तुटलेला दिसला, तेलाचा डाग दिसला, की कागदावर एक रेघ. मग तोच ताका दुसरा चेकर बघायचा. दोघांच्या रेघा जुळल्या तरच ताक्याला ‘पास’ची चिठी लागायची. एकदा जेवणानंतर आम्ही दोघांनी एकाच ताक्यावर आळीपाळीने डुलक्या काढल्या आणि दोघांचाही आकडा शून्य आला. इतका चोख मेळ त्या वर्षात पुन्हा बसला नाही. चिठी अर्थातच लागली.

सुरतमधल्याच नवागामात माझी ताई राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दिवसा लूम चालवायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या भागातल्या खानदेशी घरचं लग्न दाजींच्या क्लॅरिनेटशिवाय लागायचं, पण लागल्यासारखं वाटायचं नाही. शेवटी मुलगी निघाली की ते पाठवणीची एक चाल धरत. ती ऐकून नवरदेवाकडची माणसंसुद्धा डोळे पुसत, आणि त्यांना तर नवीन सून मिळालेली असायची.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दाजींचे वरचे पुढचे चार दात हलायला लागले. क्लॅरिनेटचं तोंड नेमकं त्याच दातांवर टेकवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, काढावे लागतील. तेव्हा बँडवाल्यांनी ठरवलं, दात आहेत तोवर दाजींचं वाजवणं भरून ठेवू. जवळच्याच गोडादऱ्यातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याने एका दुपारी नऊ चाली भरल्या, एक सीडी लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या टेपवर कुणाचं तरी बारसं भरलं. म्हणजे दाजींचे दात जगात दोनच ठिकाणी उरले होते: त्यांच्या तोंडात आणि त्या सीडीवर.

दाजींनी सीडी आणून माझ्या हातात दिली, कारण घरात कॉम्प्युटर असलेला मी एकटाच होतो. बाजारातल्या एका पेढीने काढून टाकलेला तो कॉम्प्युटर मी मुलांच्या अभ्यासासाठी घेतला होता आणि त्यावर पत्ते खेळत होतो.

“हाई चकती ओरखडली ते सरी गयं,” दाजी म्हणाले. “कॉम्प्युटरमा भरी ठेव. तू सांगं का मंग मी दात काढसू.”

एवढा विश्वास माझ्यावर बायकोनेही कधी टाकला नव्हता. मी आमच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो गुजराती पोरगेला गडी. त्याने एक प्रोग्राम घालून दिला आणि सल्ला दिला की गाणी दाबून दहावा हिस्सा करून ठेवा, जागा वाचेल. “दबावी दो ने, काका, कोने खबर पडे?”

कोणाला कळणार, असं कोणी म्हटलं की माझ्यातला चेकर जागा होतो. मी म्हटलं, दाबायचं नाही. जसं आहे तसं, एकही कण न गाळता उतरवायचं. आणि एकदा नाही, दोनदा.

रविवारी सकाळी आंघोळ करून बसलो. सीडी आत घातली. तासाभराने एक भलीमोठी फाइल तयार झाली. दुसऱ्या फाइलला जागा नव्हती म्हणून मुलांचे सगळे गेम पुसले. मुलं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत. पुन्हा तीच सीडी, पुन्हा तास. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून दोन्ही फाइली एकमेकींसमोर उभ्या केल्या, अक्षर न् अक्षर ताडून बघायला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: फरक आढळला नाही.

मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली.

“ऐकलं का तुम्ही?” तिने विचारलं.

“ऐकायचं काय त्यात? जुळलंय.”

“अहो, पण वाजतंय का?”

“ताका पास करताना आपण नेसून बघतो का?”

ती पोळ्या लाटायला निघून गेली. मला ते उत्तर इतकं आवडलं की सोमवारी बाजारातही सांगितलं. त्याआधी, रविवारीच, खिशातली ‘पास’ची चिठी काढून सीडीच्या छापाच्या बाजूला, कडेजवळ चिकटवली. आमच्या चिठ्यांचा गोंद ताका रंगायला मिलमध्ये जाईपर्यंत टिकावा असाच केलेला असतो. मग दाजींना निरोप धाडला: पास.

मंगळवारी दाजींनी दात काढले.

आठ दिवसांनी ताई आणि दाजी आले. दाजींचा वरचा ओठ आत गेला होता आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. “लाव, शालकबुवा,” ते म्हणाले, “देखू कसा वाजाडत होतू ते.”

मी फाइल लावली. पडद्यावरचा आकडा पुढे सरकू लागला. दाजी डोळे मिटून बसले. ताई पदर सावरून बसली. एक मिनिट गेलं.

“सुरुवात मी इतली उशिरा करेल नव्हती,” दाजी म्हणाले.

मी स्पीकरची वायर हलवली. आवाज वाढवला. दुसरी फाइल लावली. ती पहिलीसारखीच होती. तिच्यात आणि पहिलीत फरक नव्हता, हे तर मीच सिद्ध केलं होतं. बायको दारात उभी होती. तिने हातातलं लाटणं चौकटीवर आपटलं, आणि घरात तेवढाच काय तो आवाज झाला.

“थांबा, सीडीच लावतो,” मी म्हटलं. सीडी आत गेली तशी थरथरायला लागली, बिघडलेल्या लूमसारखी. माझ्या लक्षात आलं, एका बाजूला चिठी आहे, तोल जातोय. बाहेर काढली आणि चिठी ओढली. चिठी निघाली. तिच्याबरोबर सीडीवरचा चंदेरी पापुद्राही निघाला.

सवयीने मी सीडी ट्यूबलाइटकडे धरली, ताका धरतो तशी. चिठी होती तिथे आरपार दिसत होतं. त्या भोकातून मला दाजी दिसले. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला होता.

“पास,” ते म्हणाले. दात नसल्यामुळे ते ‘फास’ असं आलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्या फाइली तपासल्या. माझ्या जुन्या यंत्राला सीडीवरचा आवाज अशा रीतीने उचलताच येत नव्हता; ते इमानदारीत तासभर फिरून शून्यं लिहीत बसलं होतं. “काका, खाली बोरी दो बार तोलोगे तो वजन एकसरखाच आएगा,” तो म्हणाला. मला डुलक्यांच्या दुपारचा ताका आठवला. तो मी त्याला सांगितला नाही.

सीडी आतून बाहेर भरत जाते आणि माझी चिठी कडेजवळ होती, हे माझं नशीब. त्याच्या यंत्रावर नवापैकी आठ चाली सुखरूप उतरल्या. या वेळी मी त्या ऐकल्या. सगळ्या, दोनदा. नववी गेली. लग्नात जी शेवटी वाजते तीच दाजींनी शेवटी वाजवली होती.

हे सांगायला मी नवागामात गेलो. ताईने चहा ठेवला, पण माझ्यासमोर आणून आदळला. एक चाल गेली, असं मी दाजींना सांगितलं.

“पाठवणीनी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग ती राहू दे. कवळी बसू दे.”

कवळी बसायला तीन महिने गेले आणि तिच्यावर क्लॅरिनेट बसायला आणखी दोन. शेवटी एका रविवारी दाजी आमच्याकडे आले आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या स्वस्तातल्या माइकसमोर बसले. बायकोने स्वयंपाक थांबवला. गल्लीतल्या लूमचा खडखडाट मात्र कोण थांबवणार. दाजींनी चाल धरली. वरच्या सुरांना ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुटत होती, आणि एका ठिकाणी, जिथे पूर्वी दाजी सूर लांबवत न्यायचे, तिथे त्यांनी तो गुपचूप खाली ठेवला.

वाजवून झाल्यावर मी फाइल लावली. आधी बायकोने ऐकली, मग मी. आता हा घरातला कायदा आहे. दाजींनी ऐकली नाही. ते क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पेटीत ठेवत होते.

“माले सांग,” वर न बघता ते म्हणाले, “पहिलासारखं शे का?”

ताडून बघायला पहिलं काही उरलंच नव्हतं. ते मी स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं.

“फरक नाही, दाजी,” मी म्हटलं. ते पेटीच आवरत राहिले, म्हणून पुन्हा म्हटलं, “खरंच. काही फरक नाही.”

दाजींनी पेटीची कडी लावली.

“तू खोटं बी दोनदा तपाशीसन बोलस,” ते म्हणाले, आणि चहा मागितला.