जिन्याचे भक्त आणि लिफ्टमामा

स्वतःची नोकरी जावी म्हणून हात वर करणारे जगातले एकमेव गृहस्थ म्हणजे आमच्या सातमजली कचेरीतले लिफ्टमामा.

झालं असं, की मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जमवून विचारलं, "तब्येतीला काय चांगलं? जिना की लिफ्ट?"

"जिना!" अख्खी कचेरी गरजली.

"मग लिफ्ट फक्त सामानासाठी. महिनाभर बघू. गरज नाही असं दिसलं तर मामांनाही मोकळं करू. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

हातांचं रान माजलं. कोपऱ्यात मामा उभे होते. एवढी शिकलेली माणसं हात वर करताहेत, आपलाच खाली कसा ठेवायचा, म्हणून त्यांनीही केला.

"तुम्हीसुद्धा?" घरी बायको कडाडली. "डोक्यावर पडलात की काय?"

"अगं, प्रश्न तब्येतीचा होता."

"आणि आपल्या पोटाचा प्रश्न कोण विचारणार होतं?"

दुसऱ्या दिवशी मामा रिकाम्या लिफ्टमध्ये तोंड पाडून बसले. तोच हिशेबनीस आले. सभेत सगळ्यात उंच हात त्यांचा होता. आता त्या हातात एक चपटी फाइल होती.

"मामा, सामान आहे. तिसरा मजला."

"द्या, मी पोचवतो. तुम्ही या जिन्यानं."

"छे, छे! नाजूक सामान आहे, सोबत जायला हवं."

मागून टायपिस्टबाई पाण्याची बाटली घेऊन शिरल्या. शेवटी खुद्द साहेब छत्री घेऊन आले. "हेही सामानच की हो!"

लिफ्ट खच्चून भरली. वर जाताना चर्चा कशाची? तर जिन्यानं गुडघे कसे मजबूत होतात याची! मामा एकेकाचा चेहरा न्याहाळत राहिले. थापा मारतंय असं एकही तोंड दिसेना. सगळे अगदी मनापासून बोलत होते. मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

महिना संपला. पुन्हा सभा. "प्रयोग यशस्वी!" साहेब म्हणाले. "असाच चालू ठेवायचा ना?"

पुन्हा तेच रान. या वेळी मात्र मामांनी दोन्ही हात खिशात कोंबले.

"काय हो मामा, तब्येतीची काही चाड आहे की नाही?" हिशेबनीस हळहळले.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "मामांना सोडता यायचं नाही. सामान फार वाढलंय."

घरी बायको दारातच उभी. "राहिली का नोकरी?"

"राहिली. सगळ्यांनी जिन्यानंच जायचं ठरवलंय."

"म्हणजे?"

"मलाही कळलं नाही. पण उद्या जरा लवकर निघतो, लिफ्टला फार गर्दी असते."