पिंपळनेरला थांबलेली गाडी आणि आत्मारामनाना

आत्मारामनानांची आणि माझी पहिली गाठ पडली धुळ्याच्या आमच्या वीजखात्याच्या गॅरेजमध्ये. मी नवा ड्रायव्हर, अंगात मस्ती. गाडीचं इंजिन उगाच रेस करत बसलो होतो. गॅरेज सांभाळणारे नाना आले, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली आणि म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरमध्ये दुखतंय तिला, अन् तू वरून ओरडायला लावतोस." त्या दिवसापासून मी नानांना घाबरू लागलो. मानायला कधी लागलो, ते कळलंच नाही.

नानांची साठी होतेय, गौरवग्रंथासाठी तूही लिही, असं मंडळींनी सांगितलं. लिहिणं काही आपला धंदा नाही, म्हणून एकाच गाडीबद्दल सांगतो.

नानांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, तेव्हा विजेवर चालणारी बकेटगाडी चाचणीसाठी आली. खांबावर काम करणाऱ्याला पाळण्यात उभं करून वर नेणारी ही गाडी. उन्हाळाभर नीट चालली तर आणखी येणार, नाही तर हीच परत जाणार. नानांनी तिच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला होता. डिझेलच्या गाडीत पाळणा वर असेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं आणि त्या घरघरीत खालच्याची हाक वरच्याला ऐकू जात नाही. अशीच एक हाक न पोचल्यामुळे नानांच्या कामावरच्या जोडीदाराचा हात भाजला होता. ते नाना विसरले नव्हते.

आम्ही ड्रायव्हर मात्र विरोधात, आणि मी त्यांचा म्होरक्या. "वीज गेली की आपल्याला बोलावतात, अन् ही गाडीच विजेवर. चार्ज काय आभाळात करायची?" असं म्हणून टपरीवर सगळ्यांना हसवायचो. प्रश्न खोटे नव्हते. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन, साक्री-पिंपळनेरचा लांबचा पल्ला, एखादा पार्ट गेला तर तो आणायचा कुठून? नानांनी एकही प्रश्न उडवून लावला नाही. महिनाभर प्रत्येक गाडीची रोजची फेरी वहीत उतरवली आणि दाखवून दिलं, की आपल्या गाड्या धावतात कमी आणि खांबाखाली उभ्या जास्त असतात.

आता जे लिहितोय, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दर आठवड्याला देखभालीसाठी आम्हीच काही ठरावीक लाईनींची वीज बंद करतो. नानांनी चार्जर जोडला होता नेमका अशाच एका लाईनीवर. गाडी चार्जिंगला लावलेली आणि आमच्याच लोकांनी लाईन बंद केली. असला घोळ वीजखात्यातच होऊ जाणे. सकाळी पिंपळनेरला निघताना मी पाहिलं, बॅटरी जेमतेम अर्धी. नानांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. होऊ दे एकदाची फजिती, असं मनात म्हणालो आणि गाडी काढली.

पिंपळनेरला हिरामण वायरमन पाळण्यातून वर गेला आणि पाळणा तिथेच थांबला. खांबावरची लाईन बंद होती म्हणून निभावलं. पाळणा उतरवायचा हातपंप मारून मारून त्याला खाली घेतला. जमलेले लोक हसत होते, "वीजवालास्नीच वीज सरनी," म्हणजे वीजवाल्यांचीच वीज संपली. हिरामणच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. फजिती मला गाडीची करायची होती, टांगला गेला माझा मित्र. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेब म्हणाले, "गाडी परत पाठवा." नाना उठून उभे राहिले. "चूक मनी शे, साहेब. चार्जर मी चुकीच्या लाईनीवर जोडला. शिक्षा मला द्या, गाडीला नको." मी मागे बसलो होतो, मान खाली घालून. साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्याच संध्याकाळी धुळ्यातल्या देवपुरात, गुडघे दुखत असताना, नाना स्वतः हिरामणसोबत पाळण्यात उभे राहून वर गेले, त्याची भीती मोडावी म्हणून. खाली आल्यावर त्यांनी चार्जरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सकाळी बॅटरी बघून मला सांगायचं काम आजपासून तुझं, प्रकाश. तुला नीट दिसतं."

त्यांना सगळं ठाऊक होतं. पण त्यानंतर आजपर्यंत त्या विषयावर एक शब्द त्यांनी काढलेला नाही.

चार्जर दुसऱ्या लाईनीवर गेला, साक्रीला आणखी एक बसला आणि गाडी राहिली. आता तिच्या जोडीला आणखी गाड्या आल्या आहेत. वादळात दोन-दोन दिवस बाहेर राहायचं असलं तर अजून डिझेलचीच गाडी काढावी लागते, पण तेही सुटेल. निवृत्तीनंतरही नाना जळगावच्या ड्रायव्हरांना शिकवायला जातात. तिथेही माझ्यासारखे म्होरके भेटतात म्हणे.

नाना, त्या सकाळी मला सगळं दिसलं होतं. बैठकीत तुमच्या शेजारी मी उभं राहायला हवं होतं. राहिलो नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय. तुमचे गुडघे तुम्हांला साथ देवोत, तब्येत ठणठणीत राहो आणि तुमच्या पंचाहत्तरीला लिहायची पाळी पुन्हा माझ्यावर येवो. तेव्हा कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नसेल, एवढं मी बघतो.