दोन मास्क आणि एक कार्ड

“हेलिकॉप्टर मिळणार नाही. सगळी लष्कराकडे आहेत,” अबू फहद म्हणाला. “आणि रस्ता पावसाने नेला. आता काय, मोहंदिस?”

अबू फहद आमचा सौदी बॉस. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर, म्हणजे मी. सौदीतल्या असीरच्या डोंगरावरचा आमचा रिपीटर बंद पडला होता. रिपीटर म्हणजे एका टॉवरचा सिग्नल झेलून पुढच्या टॉवरकडे पाठवणारा मधला गडी. तो बसला की अख्ख्या खोऱ्यातले फोन मुके. त्यात आखाती युद्ध पेटलेलं. गावाकडे लोक टीव्हीवर क्षेपणास्त्रं बघत होते. माझे टेक्निशियन हमीदभाई रत्नागिरीकडचे. आईने काळजीने जेवण सोडलंय, एवढं त्यांना शेवटच्या फोनवर कळलं आणि लाइन गेली.

“चालत जातो,” मी म्हणालो.

“यू? ऑन फूट?” तो हसला.

मला रागच आला. नाशिकचा माणूस मी. कॉलेजात अभ्यास कमी आणि गड जास्त केलेले.

“बरं जा. पण मास्क न्यायचे. रूल इज रूल.”

गॅस मास्क कंपनीने सगळ्यांना दिले होते. त्यांची कॅनव्हासची पिशवी चांगली जाड, आतून मऊ. रिपीटरच्या पॉवर सप्लायचं एकुलतं एक स्पेअर कार्ड मी तिच्यात ठेवलं आणि ती छातीशी बांधली. माझा आणि सोबत निघालेल्या हमीदभाईंचा, दोघांचे मास्क गेले खुबूसच्या, म्हणजे रोट्यांच्या पिशवीत.

मेंढपाळांची वाट. एका बाजूला कडा, वर ढग, हवा विरळ. चार पावलांत धाप लागत होती, पण खरं सांगतो, मजा येत होती.

खिंडीत बबून आडवे आले. आपल्या माकडांचे पैलवान काकाच ते. आयाळवाला नर थेट माझ्या छातीवरच्या पिशवीकडे बघत पुढे सरकला. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर मी एक शिकलोय, माकडाशी ओढाताण करायची नाही. खुबूसची पिशवी मी उतारावर भिरकावली. टोळी तिच्यामागे पळाली.

थोडं वर गेल्यावर हमीदभाई थबकले. “साहेब, मास्क पन नेलानी की माकडांनी!”

“कार्ड आहे ना? यल्ला, चला.”

वर रिपीटरच्या कॅम्पवर पोचलो. कार्ड बसवताना बोटं गारठली होती. हिरवा दिवा लागला आणि मी चक्क ओरडलो. हँडसेट उचलला, तर लाइनवर अबू फहद.

“इंटरनॅशनल कॉल टेस्ट करायचाय,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “हमीदच्या आईला लावा.”

शेजाऱ्यांकडच्या फोनवर म्हातारी धावत आली. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“हमीद, तो मास्क लावतोस ना रे तोंडाला?”

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “लावतो ना, आई. आता बोलायला काढलाय.”

“मग मी पन जेवतंय आता.”

नंतर मी याहून मोठी स्टेशनं चालू केली, पण सांगतो हीच गोष्ट. खाली आल्यावर अबू फहदने आधी मिठी मारली, मग विचारलं, “मास्क?” नियम पाळावेतच. फक्त वेळ आली की कोणती पिशवी फेकायची, ते आपलं आपल्याला कळलं पाहिजे.